निळ्या टोकाकडची चोरी

१

तीन ट्रक रुई केजहून पांढरी म्हणून गेली आणि पंधरा दिवसांनी पिवळी म्हणून परत आली. गाठी त्याच, पट्ट्या त्याच, गाठींवरचे नंबरही तेच. मधल्या मधे रंग कुणी चोरला हा प्रश्न होता, आणि मालकांनी त्याचं उत्तर परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी सुग्रीव. जिनिंगमधला ग्रेडर. कापूस बघून त्याची प्रत सांगायची, हे माझं काम. बत्तीस वर्षं केलं. मूठभर कापूस घ्यायचा, उजेडाकडं धरायचा आणि बोलायचं. माझ्या एका शब्दावर गाड्या उतरायच्या, नाहीतर माघारी फिरायच्या. लई रुबाब होता. मग तीन वर्षांपूर्वी मालक सुंदररावांनी रंग मोजायचं यंत्र आणलं आणि यंत्राबरोबर योगिता आली. इस्त्रीएवढं ते यंत्र बघून माझं डोकं फिरलं होतं, हे मी आधीच कबूल करतो. सहा महिने मी त्या लॅबच्या दारातून चहासुद्धा घेतला नाही.

योगिता ही सटवा मेंढपाळाची लेक. वर्षातले आठ महिने पालावर राहणारं घर. पोरगी पाहुण्यांकडं राहून केजला बी.एस्सी. झाली आणि त्या घरातली पहिली पगारदार झाली. तिची आई भामाबाई मला भाऊ म्हणते, म्हणून ही मामा म्हणते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात या पोरीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मामा, राग मानू नका. मी तुमची ग्रेड आणि यंत्राचे आकडे शेजारी शेजारी लिहिते. तुमी पिवळसर मालाला पांढरा म्हणायला लागलात. दर महिन्याला थोडं थोडं वाढतंय. डोळा दाखवून घ्या."

मी तिला नाही नाही ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. मालकांना एक शब्द सांगितला नाही, सांगितला असता तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. उलट मलाच एस.टी.त बसवून डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचं भिंग पिवळं पडलंय, इतक्या हळू पडलं की तुमच्या ध्यानात आलं नाही. नवरात्रात अष्टमीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा राहिला. घरात मी एकटा. पट्टी काढायला ही आली, पुढं रोज थेंब घालायला हीच आली. असं आहे, माझ्या उजव्या डोळ्यात दिसतंय ते त्या पोरीनं दिलेलं आहे.

तर माल परत आला त्या शुक्रवारी मी सुट्टी संपवून पहिल्यांदा कामावर आलो आणि बघतो तर हिलाच मालकांच्या समोर उभी केलेली. गिरणीचं पत्र टेबलावर. तुमच्या आकड्यांपेक्षा माल पिवळा आहे, आमच्या यंत्रावर तीनदा मोजला, परत घ्या.

सुंदरराव तालुक्यातलं वजनदार माणूस. आवाज चढवत नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटते. म्हणाले, "आकडे हिनं लिहिले. सही हिची. कुणाच्या सांगण्यावरून लिहिले ते पोलिसांना सांगंल. सोमवारी जीप सटवाच्या पालावर जाईल."

योगिताचा चेहरा पांढरा पडला. नोकरी जाण्याचं तिला काही नव्हतं. पालावर पोलीस गेले की सटवाला पुढं कोण खतासाठी रानात मेंढरं बसवू देणार? चोराच्या घरची मेंढरं म्हणून गावोगाव बोभाटा झाला असता.

"मालक," मी म्हणालो, "सोमवारपर्यंत मला बघू द्या."

सुंदररावांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू करणार तपास? एका डोळ्यानं?"

२

लॅबमध्ये ती रडत नव्हती. तीन कागद मांडून बसली होती.

"पोरी, आधी मला सांग, हे यंत्र करतं तरी काय," मी म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"मामा, हे रुईवर पांढरा उजेड टाकतं. रुईवरून जो उजेड माघारी येतो त्याचे एकतीस तुकडे करतं. एका टोकाला जांभळा-निळा, मधे हिरवा-पिवळा, दुसऱ्या टोकाला लाल. मग दर तुकड्याला विचारतं, शंभरातले किती परत आलात? ते एकतीस आकडे म्हणजे त्या रुईचा खरा रंग." तिनं कागदावर एक रेघ काढली, डावीकडं खाली आणि उजवीकडं चढत गेलेली. "रुई निळा उजेड जरा खाती, म्हणून ही रेघ डावीकडं वाकलेली. जास्त वाकली तर माल पिवळा. आता एवढं सगळं कोण वाचणार, म्हणून त्याचे तीन आकडे करतात. उजळ किती, लालसर का हिरवट, आणि तिसरा पिवळेपणाचा."

बत्तीस वर्षं जे माझ्या डोळ्यांना कळत होतं ते हिनं एका रेघेत काढलं. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"यंत्र बिघडलं असंल."

"मी पण आदी तेच म्हणलं. पण रोज सकाळी मी त्याला पांढरं शिकवते." तिनं खणातून एक छोटी डबी काढली. आत रुपयापेक्षा थोडी मोठी, गोल, पांढरी चकती. ती मऊ फडक्यानं पुसली आणि यंत्र तिच्यावर टेकवलं. "ही चकती म्हणजे पांढऱ्याचं माप. हे बघ बाबा, पांढरं म्हणजे हे, असं त्याला दाखवायचं, मग कामाला लागायचं. एक दिवस चुकवलेलं न्हाई. आणि हिला मी कुणाला हात लावू देत न्हाई."

मग तिनं ते तीन कागद माझ्यापुढं सरकवले. उजळपणा आमचा आणि गिरणीचा जवळजवळ सारखा. लाल-हिरव्याचा आकडाही तसाच. फक्त पिवळेपणाचा जुळत नव्हता. पहिली गाडी: आमच्याकडं आठ पूर्णांक दोन, गिरणीत दहा पूर्णांक तीन. दुसरी: आठ पूर्णांक चार, तिथं दहा. तिसरी: आठ पूर्णांक पाच, तिथं नऊ पूर्णांक सात.

मी वजाबाकी केली. दोन पूर्णांक एक. मग एक पूर्णांक सहा. मग एक पूर्णांक दोन.

"हा कसला चोर," मी म्हणालो. "दर गाडीला चोरी कमी करत आणतोय."

३

गोडाऊनच्या किल्ल्या अंगदकडं. हा माणूस कामाला चोख, पण तोंडाचा फटकळ. मी विचारायच्या आधीच त्यानं हात झटकले.

"गाठी बदलल्या म्हणतेत व्हय मालक? सुग्रीवभाऊ, एक गाठ पावणेदोनशे किलोची. तीनशे गाठी बदलायला मला दुसरी जिनिंग लागंल, दुसरं प्रेस लागंल आणि तिसरा हात लागंल."

"मग रंग कुठं गेला बे?"

"मला काय ठावं. पहिली गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरली. दसऱ्याला सुट्टी. आदल्या दिवशी खंडेनवमी, त्या दिवशी तर निसती पूजाच चाललीती. प्रेसची झाली, सरकी काढायच्या रेच्यांची झाली, काट्याची झाली, मालकांच्या जीपची झाली. मी माझ्या कुलपाला पण हळद-कुंकू लावलं. हसू नको."

"लॅबची?"

"योगितानं सकाळी टेबलावर हळद-कुंकू वाहिलं आणि गेली ना तुझी पट्टी काढायला. भामाबाई तेवढी लॅबपशी बसलेली दिसली ताट घेऊन. लेकीची वाट बघत असंल."

ही गोष्ट ऐकून मी ओशाळलो. सणाच्या दिवशी आई दारात बसली होती आणि लेक माझ्या डोळ्यापायी माझ्या घरी होती.

दुसरा संशयित रविराज. तिन्ही गाड्यांचा कापूस याच व्यापाऱ्यानं आणलेला. तो मांजरसुंब्याला धाब्यावर भेटला. गोड बोलतो, तेव्हा जपून राहावं लागतं.

"सुग्रीवराव, तुमी इचारलं म्हणून खरं सांगतो," तो म्हणाला. "माल पावसात सापडलेला होता. परतीच्या पावसानं बोंडं भिजलेली. तुमी असता तर दारातूनच हाकलला असता. मी मनाची तयारी करूनच आणलाता. तर पोरीच्या यंत्रानं पांढरा म्हणून सांगितलं. मी कशाला तोंड उघडू?"

"तिला काय दिलंस का?"

"चहा पण दिला न्हाई. सटवा आमच्याच रानात मेंढरं बसवतो, पोरगी लहानपणापासनं बघितलेली. तिला इचारायची माझी छाती झाली नसती." पहिल्यांदाच तो खरं बोलतोय असं मला वाटलं.

परतीच्या एस.टी.त माझं डोकं दुखायला लागलं. निघालो होतो पोरीला सोडवायला, आणि हातात काय आलं? गाठी कुणी बदलल्या नाहीत. माल आला तेव्हाच पिवळा होता. म्हणजे गिरणी खरी, रविराज खरा, अंगद खरा. खोटा होता तो फक्त आमच्या लॅबमधला आकडा, आणि तो लिहिला होता योगितानं.

४

रविवारी जिनिंग बंद. मी तिला तरी बोलावलं. तिसऱ्या गाडीचा नमुना मागितला. दर गाडीतली मूठभर रुई कागदात बांधून ठेवायची तिची शिस्त आहे.

पुडी सोडली, रुई घेतली, उत्तरेच्या खिडकीशी गेलो आणि जुन्या सवयीनं हात उजेडात धरला. पिवळसर. शंकाच नको. ऑपरेशननंतर पांढरं मला इतकं लख्ख दिसत होतं की धोतर बघूनसुद्धा बरं वाटायचं, आणि ही रुई काही तशी नव्हती.

इतक्यात उजव्या डोळ्याला पाणी आलं. मी तो मिटला आणि रुमाल नाही म्हणून बाहीनं पुसायला लागलो. रुई डाव्या डोळ्यापुढं तशीच होती.

पांढरी दिसत होती.

मी उजवा उघडला. पिवळसर. उजवा मिटला. पांढरी. असं चार-पाच वेळा केलं. योगिताला वाटलं मामाला झीट येतीय, ती स्टूल घेऊन धावली.

"पोरी," मी म्हणालो, "तुझं यंत्र काय म्हणतंय, पांढरी?"

"पांढरीच म्हणतंय."

"माझा आंधळा डोळा पण तेच म्हणतोय. चांगला डोळा गिरणीसारखं बोलतोय, आणि पिवळ्या भिंगाचा डोळा तुझ्या यंत्रासारखं."

मला वाटतं तिला तिथंच कळलं, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. मग मीच बोललो. "तू मला पावसाळ्यात काय सांगितलंतंस? मी पिवळ्याला पांढरं म्हणतोय, कारण माझं पांढरंच पिवळं पडलंय. पोरी, तुझ्या यंत्राला मोतीबिंदू झालाय."

तिनं कपाटातून गणपतीच्या दिवसांतला एक नमुना काढला. त्या वेळची रेघ कागदावर होती, पिवळेपणा नऊ पूर्णांक सहा. तीच रुई तिनं आता मोजली. तीच मूठ, तोच कागद. यंत्र म्हणालं, आठ पूर्णांक सहा.

दोन्ही रेघा तिनं एकावर एक काढल्या. लाल टोकाला तंतोतंत. मधे हिरव्यात तंतोतंत. आणि डावीकडं, निळ्या टोकाला, नवी रेघ जुनीपासून सुटून वर गेलेली. शंभरातले अठ्ठावन्न येत होते तिथं आता साठावर.

"धूळ असती तर सगळी रेघ सरकली असती," ती हळू म्हणाली. "दिवा म्हातारा झाला असता तरी असं एका जाग्याला झालं नसतं. हे फक्त निळ्याला झालंय." मग तिनं त्या डबीकडं बघितलं. "मामा, माप हलकं असलं की माल जास्त भरतो. ही चकती निळा उजेड कमी परत देतीय आणि यंत्र त्यालाच पुरा धरतंय. म्हणून रुईचा निळा जास्त दिसतो आणि पिवळेपणा कमी."

"निळा उजेड कोण खातं?"

"पिवळी वस्तू."

आम्ही दोघांनी चकती खिडकीशी नेली. अगदी पांढरी दिसत होती. नव्या डोळ्यानं मी लई वेळ बघितलं तेव्हा कडेला काहीतरी असल्यासारखं वाटलं, नसल्यासारखंही वाटलं.

५

योगितानं रुईचा एक बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि चकतीची कडा जोरात घासली. बोळ्यावर पिवळट झाक आली. इतकी फिकी की कुणी म्हणालं असतं, बोळाच तसा होता.

मी खिशातून तंबाखूची चंची काढली. त्यात चुन्याची डबी असते. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तंबाखू बंद केलीय आणि योगितानं माझ्याकडून शपथ घेतलीय, त्यामुळं चंची बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"खात न्हाई, फक्त जवळ ठेवतो," मी म्हणालो. नखावर चुना घेतला, पाण्यात कालवला आणि थेंब त्या बोळ्यावर टाकला.

पिवळट झाक लाल झाली.

आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. घरी कुंकू करताना, नवरीचं हळदीचं लुगडं धुताना, पातेल्याला साबण लागताना घरातल्या लहान पोरीनंसुद्धा बघितलेलं असतं. पिवळ्याची चुन्यानं लाल होते अशी एकच वस्तू घराघरात असते.

"हळद," योगिता म्हणाली आणि खाली बसली.

सगळं जागच्या जागी बसत गेलं. पहिली गाडी खंडेनवमीनंतरची, म्हणून फरक तिथून सुरू. ही रोज सकाळी फडक्यानं चकती पुसायची, म्हणून हळद रोज कणभर निघायची आणि फरक दर गाडीला कमी व्हायचा. चोर मवाळ होत नव्हता, पुसला जात होता. आणि नवमीला या लॅबशी ताट घेऊन कोण बसलं होतं ते अंगदनं मला आपण होऊन सांगितलं होतं, ते मी योगिताला सांगितलं.

योगितानं माझा हात धरला. "मामा, मालकांना हे सांगायचं न्हाई."

"खुळी झालीस का? तू सुटलीस."

"मी सुटले, आणि आई अडकली. तीन ट्रक माल माझ्या आईनं बुडवला असं सगळ्या तालुक्यात होईल. तिला ते झेपायचं न्हाई. माझी नोकरी जाऊ द्या. तुमी आईचं नाव घ्यायचं न्हाई, तुमाला माझी आण हाय."

जिनं मला डोळा दिला ती माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होती. आणि मागत काय होती, तर मी गप्प बसावं.

६

सोमवारी सकाळी लॅबमध्ये सगळे जमले. सुंदरराव खुर्चीवर, अंगद आणि रविराज भिंतीला टेकून, सटवा दाराबाहेर घोंगडी खांद्यावर टाकून. त्याला आत या म्हटलं तरी येईना.

मी दोन रेघांचा कागद दाखवला. गाठी का बदलल्या नाहीत ते सांगितलं, रविराजनं माल पिवळाच आणला होता हे त्याच्याच तोंडून वदवलं, डाव्या-उजव्या डोळ्याची गोष्ट सांगितली. मग बोळा आणि चुना. थेंब लाल झाला तसे सुंदरराव खुर्चीतून पुढं झुकले.

"म्हणजे पोरीनं आकडे बदलले न्हाईत."

"न्हाईत. यंत्रानं जे सांगितलं तेच लिहिलं. यंत्राला पांढरंच चुकीचं शिकवलं गेलं."

"आणि हळद कुणी लावली?"

मी योगिताकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. "मालक," मी म्हणालो, "खंडेनवमीला सगळेच हळद लावतेत. कुणाचं बोट कुठं लागलं, हे आता कोण..."

"माझं लागलं."

भामाबाई दारात होती. सटवाच्या मागं ती कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. हिरवं लुगडं, हातात लेकीचा भाकरीचा डबा.

"तुमी यंत्र म्हणता, मला त्यातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पाल जवळ असलं की मी रोज सकाळी पोरीला भाकरी द्यायला येती. ती आल्या आल्या आदी ती डबी उघडती, फडक्यानं पुसती, मग मशीन तिच्यावर टेकवती, मगच कामाला लागती. कुणाला हात लावू देत न्हाई. आमच्या देव्हाऱ्यात देवाचे टाक हायती, सासूबाई त्यांना अशाच जपायच्या. मी म्हणलं, ह्यो ह्या मशीनचा देव."

तिनं पदर सारखा केला.

"नवमीला पोरगी भाऊच्या डोळ्याकडं गेलती. तिनं टेबलाला हळद लावली, पण देव तसाच डबीत राहिला. मला बरं वाटंना. ह्या मशीननं माझ्या लेकीला खुर्ची दिली. माझी पोरगी उन्हात हिंडत न्हाई, चपलेबिगर राहत न्हाई. त्याला एक बोट हळद लावायला नको? लावली. मग वाटलं पोरगी वरडंल, म्हणून पदरानं पुसून काढली आणि डबी लावून टाकली." तिनं डबा टेबलावर ठेवला. "मालक, काय करायचं ते माझं करा. तिचं नाव घेऊ नका."

आई आणि लेक, दोघी एकमेकींना वाचवायला एकाच जागी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला उजव्या डोळ्याला जपायला सांगितलंय डॉक्टरांनी, पण त्या वेळी दोन्ही डोळे वाहिले आणि मी ते पुसले नाहीत.

सुंदररावांनी ती चकती हातात घेतली. मग भामाबाईला म्हणाले, "नवमीला मी जीपला हार घातला. प्रेसला नारळ फोडला. ह्या टेबलाकडं वळलो पण न्हाई. ज्याच्या आकड्यावर धंदा चालवतो, त्याची आठवण तुला झाली, मला न्हाई."

ते उठले आणि योगितासमोर उभे राहिले. एवढा मोठा माणूस, मी त्यांना कधी खाली बघताना बघितलं नव्हतं. "पोरी, चारचौघांत तुला चोर म्हणलो, चारचौघांतच सांगतो, चुकलो. गिरणीला आजच लिहू, चूक आमची, तुमचा आकडा खरा. तो माल त्याच आकड्यानं जाईल."

मग ते दाराशी गेले आणि सटवाला म्हणाले, "आत या हो. तुमच्या लेकीची लॅब हाय."

सटवा आत आला. घोंगडी दाराबाहेर ठेवून आला.

७

नवी चकती आली. ती कपाटात कुलपात असते आणि किल्ली योगिताच्या गळ्यात. जुनी टाकून द्यावी म्हणून ती हातात घेऊन उभी होती, तर मी म्हणालो, थांब. सुतारानं एक छोटा चौरंग करून दिला आणि जुनी चकती यंत्राशेजारी त्याच्यावर बसली. आता लॅबमध्ये दोन पांढरे आहेत, एक मापाचा आणि एक पूजेचा.

यंदाच्या खंडेनवमीला माझे दोन्ही डोळे नवे होते. डावा उन्हाळ्यात झाला, थेंब योगितानंच घातले. भामाबाई ताट घेऊन आली आणि या वेळी दारात बसली नाही, सरळ आत आली. तिनं चौरंगावरच्या चकतीला हळदीचं बोट लावलं आणि ताट माझ्यापुढं धरलं.

दोन वर्षं ज्या यंत्राचा मी दुस्वास केला, त्याच्या देवाला मी हळद लावली. यंत्राचे उपकार होतेच. ते नसतं तर माझा डोळा गेलेला मला कळलाच नसता. पण खरं सांगू का, बोट टेकवताना माझ्या मनात यंत्र नव्हतंच. ते ज्या पोरीच्या हातात होतं ती होती, आणि ती पोर घडवणारी समोर ताट धरून उभी होती. मी भामाबाईला म्हणालो, "बाई, तुझ्या लेकीनं मला पिवळा रंग परत दिला." ती म्हणाली, "असू दे भाऊ, अजून एक बोट लाव."

ती हळद इतकी पिवळी होती. इतकं पिवळं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

योगितानं आमचं सगळं होईपर्यंत वाट बघितली. मग यंत्राच्या काचेवर पारदर्शक कागद लावला, यंत्र त्या हळदीवर अलगद टेकवलं आणि कळ दाबली. पिवळेपणा अडुसष्ट पूर्णांक चार.

तो आकडा मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय, तारखेसकट. एवढा पिवळा कापूस आजवर जिनिंगला आलेला नाही, आणि आला तर मी दारातूनच माघारी पाठवीन.